गव्हर्नरनं नेलेलं पाईचं भांडं

आर्लिस टेर्पस्ट्रा माणसाची पारख त्याच्या ताटलीवरून करत असे, आणि राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसाला वेगळा नियम लावावा असं तिला कधी वाटलं नाही.

दर चार वर्षांनी असे लोक आयोवात येत, आणि आयोवात आले की हिंडत हिंडत न्यू डोकमलाही येत. गाव दोन हजार वस्तीचं, बहुतेक जुन्या डच घराण्यांचं. मक्याची दोन उंच कोठारं, एक बेकरी आणि तीन चर्चेस. तिन्ही एकाच पंथाची, कारण पहिल्याचं दुसऱ्याशी पटलं नव्हतं आणि त्या दोघांचं मिळून तिसऱ्याशी. सगळं गाव रिपब्लिकन. डेमोक्रॅट म्हणावेत असे दोघंच, गुरांचा डॉक्टर आणि त्याची बायको, आणि बायकोबद्दल लोकांना अजून आशा होती.

उमेदवार आले की त्यांना बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात जेवायला बोलावत. तिथे पाईच्या टेबलामागे हातात सुरी घेऊन आर्लिस उभी असे. तिचा नवरा एल्डन कॉफीच्या पिंपाजवळ उभा राही. ती जागा त्यानं स्वतः मागून घेतली होती, कारण तिथे फार बोलावं लागत नाही. साधी की बिनकॅफिनची, एवढं विचारलं की भागतं. बेचाळीस वर्षं त्यानं गावाचं वाचनालय सांभाळलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही मंगळवारी आणि शुक्रवारी तिथेच जाऊन बसे. पुस्तकं परत घेताना शिक्का मारायचा, मान हलवायची. चार माणसांसमोर उभं राहून बोलायचा प्रसंग त्याच्यावर आयुष्यात एकदाच आला होता. आठ वर्षांचा असताना नाताळच्या नाटकात त्याला देवदूत केलं होतं आणि एकच वाक्य दिलं होतं: "भिऊ नका." समोरची गर्दी बघून देवदूतच भ्याला, आणि पंखांसकट पळत जाऊन कोट टांगायच्या खोलीत लपला. त्या वयाच्या गावकऱ्यांना तो प्रसंग अजून आठवत होता. एल्डनला तर रोज आठवत होता.

उमेदवार जेवून गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत आर्लिसचा निकाल लागे. खिडकीजवळच्या टेबलाशी ती, विल्मा आणि जोआन बसत. पलीकडे एल्डन वर्तमानपत्र उघडून बसे. वर्तमानपत्राचं पान तो क्वचितच उलटी.

"सिनेटर व्हिटकॉमचं जाकीट बघितलंस?" ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी विल्मानं विषय काढला.

"बघितलं की. शेतकऱ्याचं जाकीट आणि पाठीवर दुकानातल्या घडीची रेघ," आर्लिस म्हणाली. "बुटांनी तर अजून शेण पाहिलेलं नव्हतं. मला म्हणतो, यंदा डुकरांना भाव काय मिळाला? मी म्हटलं, तुम्हाला पाई द्यायची की डुक्कर?"

"अगं, आपुलकीनं विचारलं असेल."

"आपुलकी होती तर माझं नाव घ्यायचं. छातीवर एवढं मोठं चिकटवलेलं होतं."

"आणि तो ओबर्लिन? इमारतीवाला?"

"त्यानं पाईतलं मऊ मऊ तेवढं खाल्लं आणि कड ताटलीत ठेवली. चांगल्या लोण्याची कड. ज्याला पाईची कड नकोशी होते तो देशाच्या सीमा काय सांभाळणार?"

जोआन हळूच म्हणाली, "मला रेव्हरंड पेल बरे वाटले. देवाधर्माचा माणूस."

"देवाधर्माचा आहेच. पण जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबवली की ग्रेव्हीवर साय धरली. देवालाही इतर कामं असतात, जोआन. उद्या शत्रूचं विमान आलं तर हा माणूस सैन्याला म्हणेल, आपण सगळे डोळे मिटूया."

वर्तमानपत्र थोडंसं हललं. एल्डन हसत होता.

"मग काय, ती प्रूइटबाई?"

"बाईनं राष्ट्राध्यक्ष व्हावं असं मला मुळीच वाटत नाही," आर्लिस म्हणाली. "वॉशिंग्टनला संसदेत निवडून गेली तेवढं पुरे. घरी नवरा काय खातो कोण जाणे. पण जाताना तिनं टेबल पुसलं, आणि पुसायच्या आधी फडकं पिळून घेतलं. फडकं न पिळता टेबल पुसणाऱ्या बायका मी आपल्याच चर्चमध्ये बघितल्यात."

विल्मानं आपल्या कपात बघितलं.

"म्हणजे तुझं ठरलं तरी कोण?"

आर्लिसनं कपातली कॉफी संपवली. मग ती म्हणाली, "गव्हर्नर टिलरी." आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की एल्डननं वर्तमानपत्र खाली केलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो चेहरा त्यानं दोनदा पाहिला होता.

टिलरी दक्षिणेकडचा. अंगानं जाड, बोलणं संथ. आदल्या संध्याकाळी त्यानं आर्लिसची आंबट साय आणि बेदाणे घातलेली पाई खाल्ली, कड खाल्ली, ताटलीतला चुरा बोटानं टिपून खाल्ला आणि विचारलं, "मॅडम, या सायीत तुम्ही लवंग घालता ना?" पंचेचाळीस वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. त्याला पुढच्या गावी जायचं होतं, गाडी सुरू होती, म्हणून आर्लिसनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. उरलेली अर्धी पाई भांड्यासकट त्याच्या हातात दिली. "भांडं माझ्या आईचं आहे," ती म्हणाली. "येईल त्याच्याबरोबर परत पाठवा."

न्यू डोकममध्ये भांड्याचा रिवाज असा: भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावायची, तिच्यावर आडनाव लिहायचं. आर्लिस लिहायची तेव्हा आडनावातल्या पहिल्या अक्षराची, म्हणजे इंग्रजी टीची, आडवी रेघ इतकी लांब ओढायची की बाकीची अक्षरं त्या रेघेखाली आडोशाला उभी राहिल्यासारखी दिसत. भांडं नेणाऱ्यानं ते येत्या रविवारपर्यंत परत करायचं, धुऊन. आणि रिकामं कधीच नाही. सहा अंडी, चार टोमॅटो, मुरंब्याची बाटली, काही नसलं तर बिस्किटं, पण काहीतरी घालून.

रविवार आला. भांडं आलं नाही.

"प्रचारात असतात, वेळ लागतो," आर्लिस म्हणाली.

दुसरा रविवार आला. सूप ढवळताना तिनं पळी भांड्यावर दोनदा आपटली. चौथ्या रविवारनंतर बेकरीत नवा निकाल लागला.

"चोर आहे," ती म्हणाली.

"अगं, विसरला असेल," जोआन म्हणाली.

"बुडाला नाव लिहिलंय. दुसऱ्याचं नाव वाचूनही जो ठेवून घेतो तो विसरलेला नसतो. बघ ना, एवढं गोड बोलला. लवंग काय, साय काय. माझी आई सांगायची, डच माणूस गोड बोलला तर त्याला ताप आहे का बघावं, आणि दुसरा कुणी बोलला तर कपाटाला कुलूप लावावं."

नोव्हेंबरपर्यंत ही गोष्ट तिन्ही चर्चमध्ये पोचली. डिसेंबरात टिलरीच्या प्रचाराच्या पाट्या गावातल्या अंगणांमधून एकेक करून नाहीशा झाल्या. प्रूइटबाईच्या माणसांनी आर्लिसला फोन करून विचारलं की कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या गावसभेच्या, संध्याकाळी तुम्ही आमच्या बाजूनं बोलाल का. "मी तिच्या बाजूची नाही," आर्लिसनं सांगितलं. "मी बाकीच्यांच्या विरुद्ध आहे. चालत असेल तर बोलते." त्यांना चाललं.

आता इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. एल्डनला ती तेव्हा मुळीच आठवत नव्हती.

ते जेवण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी नव्हे, पण शुक्रवारी, वाचनालयात एक ठेंगणी बाई आली होती. कोटावर टिलरीचा बिल्ला, कानाला फोन. फोनवरच्या माणसाशी भांडत भांडतच तिनं निळ्या ताऱ्यांचे स्टिकर लावलेलं एक खोकं एल्डनसमोर ठेवलं, "तुमच्या मिसेससाठी, गव्हर्नरकडून," एवढं म्हणाली आणि गेली. त्याच्या आदल्या आठवड्यात व्हिटकॉमच्या माणसांनी असंच खोकं दिलं होतं. त्यात तीनशे पत्रकं निघाली होती, आणि आर्लिस म्हणाली होती, "आणखी एक कागद घरात आणलास तर तुला त्यातच गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवीन." एल्डनच्या अंगी नको म्हणायचं धैर्य नव्हतं आणि घरी न्यायचंही नव्हतं. अशा वेळी तो नेहमी मधला मार्ग काढी. त्यानं खोकं गाडीच्या डिकीत टाकलं. पुढे हिवाळा लागला, बर्फात अडकलेल्या चाकांखाली टाकायला डिकीत वाळूच्या पिशव्या आल्या, खोकं त्यांच्यामागे गेलं.

जानेवारीतला कॉकसचा सोमवार उजाडला तो बर्फ घेऊनच. दुपारी आर्लिस विल्माच्या गाडीतून पुढे गेली. शाळेच्या भोजनगृहात खुर्च्या मांडायच्या होत्या. एल्डननं साडेपाचला गाडी काढली आणि अंगणाच्या तोंडाशीच अडकला. बर्फ काढणारा ट्रक नुकताच रस्त्यानं गेला होता आणि रस्त्यावरचं सगळं त्यानं एल्डनच्या दारात ढकलून ठेवलं होतं. चाकं नुसती फिरत होती. तो उतरला, डिकी उघडली, वाळूची पहिली पिशवी काढली, दुसरी काढली, आणि दुसऱ्या पिशवीमागे निळे तारे दिसले.

पत्रकांच्या मानानं खोकं जड होतं. आतमध्ये काहीतरी खुळखुळलं.

तिथेच, गुडघाभर बर्फात उभं राहून, त्यानं हातमोजे काढून खोकं उघडलं. काचेचं भांडं. लख्ख धुतलेलं. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर टेर्पस्ट्रा, वरती ती लांब रेघ. भांड्यात काठोकाठ सोललेली पेकानची फळं, अक्रोडासारखी, तांबूस. आणि हातानं लिहिलेलं एक पत्र.

एल्डननं पत्र दोनदा वाचलं. मग काय करावं ते न सुचून त्यानं एक पेकान तोंडात टाकलं. ते दगडासारखं गोठलं होतं. त्यानं आणखी एक टाकलं.

त्यानं आयुष्यभर रहस्यकथांचं कपाट लावलं होतं, आणि अशा कथा वाचताना खुनी कोण ते तो नेहमी तिसऱ्या प्रकरणात ओळखत असे. इथे तीन महिने चोर त्याच्याच गाडीतून फिरत होता.

आता दोनच रस्ते होते. खोकं पुन्हा वाळूमागे ढकलायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे त्याला चांगलं जमत होतं. तसं केलं तर एक भला माणूस या गावात कायमचा चोर राहणार होता. किंवा आर्लिसला सांगायचं, तेही ती बोलायला उभी राहण्याआधी. म्हणजे तिला निदान हसं होण्यापासून वाचवता येईल. खोकं शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा बांधून, तो शाळेकडे निघाला.

भोजनगृहात साठेक माणसं आली होती. कोटांचा ओला वास, कॉफीचा वास. बैठकीचा अध्यक्ष डेल्विन रूस, बियाण्यांचा व्यापारी, माईकवर फुंकर मारून बघत होता. आर्लिस कॉफीपाशी होती.

"आर्लिस, एक मिनिट," एल्डन म्हणाला.

"त्या पिंपाचं झाकण घट्ट बसव. गळतंय."

त्यानं झाकण बसवलं. तोवर ती नावं नोंदवायच्या टेबलाशी गेली होती.

"आर्लिस, जरा बाहेर येतेस?"

"बाहेर शून्याच्या खाली दहा आहे. तुला बरं नाहीये का?"

"नाही, म्हणजे, बरं आहे."

"मग बस."

डेल्विननं बैठक सुरू केली. झेंड्याला वंदन झालं, प्रार्थना झाली, नियम सांगून झाले: प्रत्येक उमेदवारासाठी कुणीतरी दोन मिनिटं बोलायचं, मग सगळ्यांनी चिठ्ठीवर हवं ते नाव लिहायचं आणि चिठ्ठी पेटीत टाकायची. व्हिटकॉमसाठी एक शिक्षक बोलला, पेलसाठी पास्टरांचा भाऊ बोलला आणि दोन मिनिटांना त्याला थांबवावं लागलं. मग आर्लिसचं नाव पुकारलं. ती खुर्च्यांच्या मधून चालू लागली तेव्हा एल्डननं तिची बाही धरली. इतकं धाडस त्यानं कधी केलं नव्हतं.

"आर्लिस, ते भांडं—"

"हो, भांड्याचं शेवटी आहे. मला पाठ आहे," ती म्हणाली आणि बाही सोडवून पुढे गेली.

"मी दोन मिनिटंच घेणार आहे," तिनं माईकवर सुरुवात केली. "रेव्हरंड पेलच्या मंडळींना ती कमी वाटतील, त्यांनी तेवढ्या वेळात पुढची प्रार्थना सुरू करावी."

पेलची मंडळीसुद्धा हसली.

"मला सरकारकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. रस्त्यावरचा बर्फ काढावा, सीमा सांभाळावी आणि माझ्या घड्याळाला हात लावू नये. वर्षातून दोनदा हे लोक सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढेमागे करायला लावतात. गायीला विचारलं का कुणी? प्रूइटबाई घड्याळाला हात लावणार नाही म्हणतात. मला त्या फार आवडतात असं नाही. केस जरा जास्तच काळे आहेत. पण फडकं पिळतात. वॉशिंग्टनमध्ये फडकं पिळणारं एकही माणूस सध्या नाही, नाहीतर टेबलांवर इतका राडा दिसला नसता."

टाळ्या पडल्या. एल्डन आपल्या खुर्चीत अंग मुडपून बसला होता. कोटाखाली खोकं होतं.

"आता गव्हर्नर टिलरी," आर्लिस म्हणाली, आणि सभा शांत झाली, कारण सगळे याचीच वाट बघत होते. "माझ्या आईचं भांडं त्यांच्याकडे आहे, हे तुम्हाला माहीत आहे. ते पुन्हा सांगत नाही. एवढंच म्हणते. आपण दरवर्षी वॉशिंग्टनला भरलेलं भांडं पाठवतो, आणि तिकडून ते रिकामंसुद्धा परत येत नाही. तिथे भांडी ठेवून घेणाऱ्यांची काही टंचाई नाहीये. आपण इथून आणखी एक कशाला पाठवायचा?"

लोक उठून उभे राहिले. मागे कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि ती विल्माच्या नवऱ्यानं वाजवली होती, जो डिसेंबरापर्यंत टिलरीचा होता. आर्लिस जागेवर येऊन बसली. तिचे गाल लाल झाले होते. आपली बायको इतकी सुंदर बोलते याचा एल्डनला अभिमान वाटला, आणि त्यानं खोकं कोटाखाली आणखी आत सारलं.

"गव्हर्नर टिलरींसाठी हॅरिस बोलणार होता," डेल्विन म्हणाला. "तो हायवेवर बर्फात अडकलाय. दुसरं कुणी बोलतंय?"

रेडिएटर टकटक करत होता.

"कुणीच नाही? मग पुढे—"

एल्डन उभा राहिला.

लोकांना वाटलं त्याला बाथरूमला जायचं आहे. जोआननं पाय आत घेऊन त्याला वाट करून दिली. पण तो दाराकडे गेला नाही. तो पुढे गेला, कोटाखालून खोकं काढलं, टेबलावर ठेवलं आणि माईकसमोर उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. समोर साठ चेहरे होते, तळघरातल्या त्या नाताळइतकेच, आणि त्यातले निदान सात तेच होते. डावीकडे कोट टांगायची खोली होती. दार उघडंच होतं.

मागच्या रांगेतून म्हातारा गेरिट, जो त्या नाटकात मेंढपाळ होता, मोठ्यानं म्हणाला, "भिऊ नको, एल्डन."

सगळे हसले. एल्डनही हसला, आणि हसता हसताच बोलायला लागला.

"मी कुणाच्या बाजूनं नाही," तो म्हणाला. "म्हणजे, मला वाटतं नाही. हे भांडं आहे." त्यानं खोकं उघडून भांडं वर धरलं. "हे परत आलं होतं. ऑक्टोबरातच. शुक्रवारी. वाचनालयात. मी ते पत्रकं समजून डिकीत टाकलं. वाळूमागे. तिथेच होतं. चूक माझी आहे. पत्र पण आहे." आणि आपला आवाज कुठे जातोय ते न ऐकता त्यानं पत्र वाचून टाकलं:

"प्रिय मिसेस टेर्पस्ट्रा, भांडं परत पाठवतो आहे. उशीर झाला तर माफ करा. रिकामं पाठवलं असतं तर माझी आई थडग्यातून उठून आली असती, म्हणून आमच्या दारच्या झाडाची थोडी पेकान घातली आहेत. भांडं मी स्वतः मोटेलमध्ये धुतलं. ड्रायव्हर साक्षीला आहे. लवंगेबद्दल मी कुणाला सांगणार नाही. आपला, टिलरी."

"लवंग?" विल्मा म्हणाली. सगळ्या भोजनगृहाला ऐकू गेलं.

एल्डननं आपण काय फोडलं ते तेव्हा ओळखलं. पण तोवर आर्लिस उठून पुढे आली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पेकानवर एक हात ठेवून तिनं भांडं तिरकं केलं, बुडाची पट्टी वाचली. मग बोटानं काचेचा काठ तपासला, कुठे टवका उडालाय का. उडाला नव्हता.

"डेल्विन, माझी दोन मिनिटं संपली होती का?"

डेल्विननं घड्याळ बघितलं. खरं म्हणजे संपली होती. "वीस सेकंद आहेत," तो म्हणाला.

"मग ऐका. गव्हर्नरांबद्दल भांड्यावरून मी जे बोलले ते मागं घेते. वॉशिंग्टनबद्दल बोलले ते घेत नाही. आणि लवंग सायीत नसते, बेदाण्यांत असते, तेव्हा आज घरी जाऊन कुणी साय नासवू नका." मग माईकपासून तोंड फिरवून ती एल्डनला हळू आवाजात म्हणाली, "हे काठोकाठ भरलेलं नाहीये. किती खाल्लीस?"

"दोन."

"घरी गेल्यावर बोलू."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. लोक पेन्सिली चघळत बसले. डिसेंबरात ज्यांनी पाट्या काढल्या होत्या त्यांना आता त्या कुठे ठेवल्या ते आठवत होतं. आर्लिसनं आपली चिठ्ठी हातानं झाकून लिहिली, चार घड्या घातल्या आणि पेटीत टाकली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एल्डननं टिलरीचं नाव लिहिलं. तेवढं करणं भागच होतं.

डेल्विननं सगळ्यांसमोर एकेक चिठ्ठी उघडून वाचली आणि जोआननं फळ्यावर रेघा ओढल्या. टिलरी, टिलरी, प्रूइट, पेल, टिलरी. व्हिटकॉमला चार पडली. ओबर्लिनला एक पडलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी टिलरीला सत्तावीस झाली, प्रूइटबाईला चोवीस, आणि पेटीत एक चिठ्ठी उरली, चार घड्यांची.

डेल्विननं ती उघडली. वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"एल्डन टेर्पस्ट्रा," तो म्हणाला.

हशा झाला तो बराच वेळ थांबेना. गेरिट ओरडला की उपराष्ट्राध्यक्ष मला करा. एल्डनचे कान तापले. कुणीतरी आपली थट्टा केली, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटणं साहजिकच होतं. मग डेल्विननं नियमाप्रमाणे चिठ्ठी सगळ्यांना दाखवायला वर धरली, आणि एल्डनला पहिल्या रांगेतून ते अक्षर दिसलं. आडनावाच्या पहिल्या अक्षराची रेघ लांब, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, आणि बाकीची अक्षरं तिच्याखाली आडोशाला.

त्यानं आर्लिसकडे बघितलं. ती खुर्च्यांची घडी घालत होती.

घरी जाताना भांडं तिच्या मांडीवर होतं. वायपर बर्फ बाजूला सारत होते. 

"तीन महिने," आर्लिस म्हणाली. "तीन महिने तो माणूस काय म्हणत असेल? आयोवातल्या एका बाईला घरच्या झाडाची पेकान पाठवली, तिनं ठेवून घेतली आणि आभाराच्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही, एल्डन. डॉक्टरनं दात काढला तेव्हासुद्धा मी लिहिल्या होत्या."

"माझी चूक आहे."

"ती आहेच. तू पंचेचाळीस वर्षं बोलला नाहीस, मी म्हटलं असू दे, स्वभाव आहे. आणि बोललास तो नेमका माझ्यानंतर, माझ्याविरुद्ध, माईक घेऊन."

"आधी सांगायचा प्रयत्न केला होता."

"कधी?"

"तीनदा."

आर्लिसनं आठवून बघितलं. पिंपाचं झाकण तिला आठवलं असावं, कारण ती खिडकीतून बाहेर बघू लागली.

"आर्लिस," एल्डननं धीर करून विचारलं, "ती शेवटची चिठ्ठी—"

"मतदान गुप्त असतं. या देशात अजून तेवढं शिल्लक आहे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ज्यानं कुणी दिलं त्यानं विचार करूनच दिलं असेल. प्रूइटबाईचं केसांचं मला पहिल्यापासून पटत नव्हतं. आणि टिलरीला दिलं असतं तर विल्मा म्हणाली असती की पेकानसाठी फिरले."

"हो."

"तू कड खातोस. आणि भांडं परत केलंस. उशिरा केलंस, पण सगळ्यांसमोर केलंस." तिनं मांडीवरचं भांडं सारखं केलं. "डिकीत आणखी काय काय आहे?"

एल्डननं या प्रश्नाचा विचार केला. व्हिटकॉमची पत्रकं होती. पेलची प्रवचनं होती, दोन खोकी. दोन वर्षांपूर्वी जोआननं शिवायला दिलेला पडदा होता, बहुतेक.

"उद्या उजेडात बघतो," तो म्हणाला.

"बघ. आणि पत्र आज जेवणानंतर लिहायचं. आभार मी लिहीन. उशीर का झाला ते तू लिहायचंस. आता बोलायला लागलाच आहेस तर."

अंगणाच्या तोंडाशी ट्रकनं पुन्हा बर्फाचा ढीग करून ठेवला होता. एल्डननं गाडी थांबवली, वाळू काढायला उतरला आणि डिकी उघडून उभा राहिला. पहिलं वाक्य जुळवायला लागला. बरीच वाक्यं सुचली, सगळी लांब होती आणि प्रत्येकात त्याला स्वतःची बाजू मांडल्याचा वास येत होता. शेवटी एक टिकलं: प्रिय गव्हर्नर, भांडं पोचलं.

काचेवर आतून टकटक झाली. आर्लिसनं खिडकी बोटभर खाली केली.

"थंडी आत येतेय," ती म्हणाली, आणि त्या फटीतून तिनं एक पेकान बाहेर धरलं.